साऱ्या गावाची डोली

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे आता त्याच्या वंशजांनाही सांगता यायचं नाही. लहानांनो, मांडी घालून ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण लहानांच्या हातून असलं काही अजून घडलेलं नाही.

एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. शेतं होती, गुरं होती, देऊळ होतं, देवळापुढे पार होता. नव्हतं ते एकच, औषधपाणी जाणणारं माणूस. वैद्यीण राहायची घाटाखालच्या गावात. वर कुणाचं दुखलंखुपलं, की त्याला घेऊन घाट उतरायचा. आणि घाट तरी कसला! बकरीनेही पाऊल जपून टाकावं असा. मधोमध एक अरुंद खिंड होती, दोन्ही अंगांनी कातळ पुढे आलेला.

आजाऱ्याला तेव्हा घोंगडीच्या झोळीत घालून न्यायचे. झोळी खाली लोंबायची आणि पाठ दगडांवर आपटायची. ताप घेऊन निघालेला माणूस ताप आणि सोललेली पाठ, दोन्ही घेऊन पोचायचा.

गावात एक बुरूड होता. सुपं, टोपल्या, धान्याच्या कणग्या विणायचा. हात सोन्याचा आणि स्वभाव लोण्याचा. अशीच कुणाची तरी सोललेली पाठ त्याने एकदा पाहिली. तो घरी आला, बांबू काढले आणि लेकीला हाक मारली. एकुलती एक लेक, नाव आवडा. लग्नाची व्हायची होती, पण उंचीला आईएवढी झाली होती.

"आवडे, नीज इथे जमिनीवर. माप घ्यायचंय. पाय पसर."

"किती पसरू, आबा?"

"आजारी असल्यावर पसरशील तेवढे."

ती हसत हसत आडवी झाली आणि त्या मापाने बुरडाने डोली विणली. दोन लांब दांडे, मधे कामट्यांची विणलेली बाज, उशाला थोडा उंचवटा. बस्स. आजाऱ्यांना वाहून नेणाऱ्या भोयांमधल्या थोरल्या भोयाने ती एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाला, "बुरूडदादा, हिच्यात माणूस आहे की नाही हे वाकून बघावं लागेल. खांद्याला काही कळायचं नाही."

त्या वर्षी डोलीने कितीतरी जीव वाचवले. साप चावलेली पोर खाली गेली आणि आपल्या पायांनी वर आली. पाय मोडलेला गुराखी पुन्हा गुरांमागे धावू लागला. गाव हरखून गेलं.

मग दसरा आला. दसऱ्याला त्या गावात सगळी अवजारं पारावर मांडून त्यांना कुंकू लावायचे. आणि गावाचा एक हटवादी रिवाज होता, ज्याला एकदा कुंकू लागलं ते काढायचं नाही, तोडायचं नाही. घराघरात मोडके नांगर उभे असायचे. कोपरा अडायचा, पाय ठेचकाळायचे, पण कुणी हात लावायचं नाही. त्या दसऱ्याला डोलीलाही कुंकू लागलं आणि पाटलांनी भर पारावर बुरडाच्या डोक्याला फेटा बांधला. जन्मात पहिल्यांदा त्याला गावाने मान दिला होता. त्याचे डोळे भरून आले. आणि इथेच माशी शिंकली.

पाटील म्हणाले, "डोली झकास आहे हो. फक्त वर छत असतं तर! आमच्या मातोश्री उन्हातून कशा जाणार?"

मागणं रास्त होतं, खोटं कशाला बोलू? बुरडाने छत विणलं. बांधण्याआधी तळहातावर तोलून गावाला दाखवलं आणि म्हणाला, "बघा, फूल आहे फूल!" मग वाखाच्या दोरीने त्याची ती नामांकित गाठ मारली. "ही गाठ सुटली तर मिशी उतरवीन," म्हणाला. टाळ्या पडल्या. छताला कुंकू लागलं.

झालं! पुढच्या दसऱ्यापासून तो पायंडाच पडला. डोली पारावर ठेवायची, फेटा बांधून बुरडाने शेजारी बसायचं आणि ज्याला जे सुचेल ते त्याने मागायचं. गुरव म्हणाले, "देवाशिवाय घाट उतरायचा म्हणजे काय? उशाशी देवळी करा." बुरूड म्हणाला, "हो." देवळी तळहातावर तोलली. फूल होती. वाणी म्हणाला, "माणूस एकटाच खाली जातो, डोलीत केवढी जागा वाया! पायाशी पेटारा करा, तेवढीच आमची मिरची बाजारला पोचेल." बुरूड म्हणाला, "का नाही? करू की." पेटाराही रिकामा तोलला, फूलच भरला.

कुणाला पानसुपारीचा कप्पा हवा झाला. कुणाला कठडे हवे झाले. आणि एका दसऱ्याला तर कोणीतरी ओरडलं, "पलीकडच्या डोंगरावरच्या डोलीला घुंगरं आहेत म्हणे!" ती डोली कोणी पाहिली होती? कोणीच नाही. पलीकडच्या डोंगरावर डोली आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. पण गावाची अब्रू होती ना! घुंगरं तर हवीतच, झालं.

आता बारकाईने ऐका. बुरूड दर वेळी नवी वस्तू तेवढी तळहातावर तोलायचा. अख्खी डोली त्याने पहिल्या वर्षानंतर एकदाही उचलली नाही. ते भोयांचं काम होतं. आणि बांधायला दांड्यांवर जागा उरली नाही, तेव्हा तो वस्तू वस्तूलाच बांधू लागला. पेटारा छताच्या खांबांना आणि बाजेला, बाज देवळीला. एकाचा आधार दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. दिसायला मात्र देखणी होती हो डोली.

घरी त्याची बायको एक दिवस धान्य पाखडता पाखडता म्हणाली, "अहो, देवाने तुम्हाला तोंड दिलंय की नुसती मान?"

"नाही म्हटलं की लोक दुखावतात गं."

"आणि हो म्हटलं की भोयांचे खांदे दुखतात, त्याचं काय?"

"एवढं एवढंसं तर लावतो मी. फूल असतं फूल."

"फुलांनी भरलेला हारा कधी डोक्यावर घेतलाय का तुम्ही?" ती म्हणाली. तो नुसताच हसला आणि फेट्याची घडी घालत बसला.

त्या घुंगरांच्या दसऱ्यालाच एक म्हातारी काठी टेकत पाराशी आली. महिन्यापूर्वीच तिला डोलीतून खाली नेऊन आणलं होतं.

"बोला आजी," बुरूड म्हणाला, "तुमचं काय मागणं? काय लावू?"

"लावू नको रे बाबा. काढ."

लोकांना हसू फुटलं. म्हातारी हसली नाही. "मला त्यात पाय पसरता येईनात. पायाशी वाण्याचा पेटारा, उशाशी देव. गुडघे पोटाशी घेऊन मी सारा घाट उतरले. आजाराने नाही मेले, पण त्या बसण्याने मरत होते."

गुरव म्हणाले, "आजी, काढणं हे काय मागणं झालं? आणि कुंकू लागलंय त्याला."

पाटील समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं एकट्यापुरतं बघू नये आजी. डोली साऱ्या गावाची आहे."

"साऱ्या गावाला एकदम थोडंच न्यायचंय?" म्हातारी म्हणाली. "नेताना एकालाच नेतात."

सगळे बुरडाकडे बघू लागले. त्याला कळलं होतं, बरं का. त्याला चांगलं कळलं होतं! बाज त्याने विणली होती, माप त्याने घेतलं होतं. पण समोर पाटील होते, गुरव होते, डोक्यावर फेटा होता. तो मान खाली घालून म्हणाला, "पुढच्या दसऱ्याला बघू, आजी." आणि त्याच दिवशी त्याने घुंगरं बांधली. मला त्या माणसाची दया येते आणि रागही येतो, आणि राग जरा जास्त येतो.

जाताना थोरला भोई त्याच्या कानाशी म्हणाला, "दादा, एकदा तुम्ही खांदा लावून बघा."

"माझं काम विणायचं, बाबा," बुरूड म्हणाला.

मधल्या काळात आवडाचं लग्न झालं होतं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. आईने डिंकाचे लाडू केले, बुरडाने नातवंडासाठी पाळणा विणला. सगळं आनंदात होतं. मग एके दिवशी पहाटे आवडाच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावची सुईण आत गेली आणि उजाडता उजाडता बाहेर आली, ती कपाळावरचा घाम पुशीत.

"मूल आडवं आहे," ती म्हणाली. "हे माझ्या हातचं नाही. न्याहारीच्या वेळेला खाली पोचवा. वैद्यीण दोघांना वाचवील. उशीर करू नका."

पारावरून डोली आणली. एक भोई तापाने अंथरुणात होता. चौथा खांदा कमी पडत होता. बुरूड म्हणाला, "मी आहे," आणि दांड्याखाली शिरला.

डोली हलेना. त्याला वाटलं, दांडा कशात तरी अडकलाय. त्याने वाकून पाहिलं. कशातही अडकलेला नव्हता. तेव्हा त्याने थोरल्या भोयाकडे पाहिलं. दात आवळून चौघांनी पुन्हा जोर लावला आणि डोली उठली.

घाट सुरू झाला. पावलापावलाला बुरडाचा खांदा सोलवटत होता. थोडं चालायचं, टेकायचं, पुन्हा उचलायचं. छत वाऱ्याने एकीकडे ओढायचं, पेटारा दुसरीकडे. आवडा आत मुटकुळं करून पडली होती. मागून तिची आई चालत होती. घुंगरं मात्र छान वाजत होती.

"आबा," आवडा कण्हत म्हणाली, "पाय पसरू द्या हो."

"बाळे," बुरूड म्हणाला, "जागा नाही गं."

आयुष्यात त्याने कुणाला नकार दिला नव्हता. पहिला दिला तो पोटच्या पोरीला.

खिंडीशी आले आणि डोली कातळात अडकली. एरवी भोई तिला तिरकी करून कशीबशी काढायचे; बुरडाच्या नवख्या खांद्याला ते जमलं नाही. छत वरच्या खडकाला, पेटारा खालच्या. पुढे जाईना, मागे येईना. ऊन वर चढत होतं. थोरल्या भोयाने कमरेचा कोयता काढून बुरडापुढे धरला. बुरडाने हातात घेतला, आणि छताच्या गाठीवर वाळलेलं कुंकू पाहून त्याचा हात थबकला. हो, तेव्हासुद्धा! लेक आत तडफडत होती आणि याला वाटलं, गाव काय म्हणेल?

"अहो, तोडा!" बायको किंचाळली.

त्याने गाठ तोडायला घेतली. गाठ त्याचीच, ती काय सहज तुटतेय? कोयता घसरला, बोट कापलं. शेवटी छत सुटलं, तसे खांब कलले, खांबांनी पेटारा ओढला, पेटाऱ्याबरोबर बाजेची एक कड उसवली आणि आवडा खाली घसरली. तिला आईने कसंबसं सावरलं. काढायला गेले एक आणि मोडलं सगळंच. उचलून नेण्यासारखं काही उरलंच नाही.

थोरल्या भोयाने खांद्यावरची घोंगडी काढली आणि जमिनीवर अंथरली. त्यांनी आवडाला घोंगडीत घेतलं आणि झोळी करून निघाले. अगदी पूर्वीसारखंच. झोळी लोंबत होती. आवडाची पाठ दगडांवर आपटत होती आणि प्रत्येक आपटण्याला बुरूड "जपून रे, जपून रे," म्हणत होता.

वैद्यिणीच्या दारात पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. वैद्यिणीने आवडाला आत घेतलं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि पायरीवरच बसली.

"बाळ वाटेतच गेलं होतं," ती म्हणाली. "पोरगी आत्ता गेली. न्याहारीच्या वेळेला आली असती तर..."

बुरूड उंबऱ्यातच उभा राहिला. बायको आत गेली. आवडाचे पाय अजून पोटाशीच होते. तिने ते हळूहळू सरळ केले, वरून लुगडं नीट ओढलं आणि म्हणाली, "पसर गं बाळे आता. पसर. इथे जागा आहे." मग तिने जो हंबरडा फोडला, तो म्हणे घाटावर ऐकू गेला.

गाव हळहळलं. खरंच हळहळलं, ती माणसं काही दुष्ट नव्हती. चार घरांतून पिठलंभाकरी आली, बायका येऊन बसल्या. आणि चार माणसं खिंडीत जाऊन मोडकी डोली उचलून घेऊन आली, कारण तिला कुंकू लागलेलं होतं.

पुन्हा दसरा आला. डोली पारावर ठेवली. पाटलांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "गुणाची पोर गेली. तिची आठवण राहायला हवी. बुरूडदादा, डोली पुन्हा बांधून घ्या, पहिल्यासारखी. आणि तिच्या शेंड्यावर आवडाच्या नावाने चांदीचं कमळ लावू. खर्च माझा."

"वा, वा," गाव म्हणालं. गुरव पुढे होऊन फेटा बांधायला लागले. बुरडाने त्यांचा हात धरला.

"नाही," तो म्हणाला.

पारावर कुजबुज झाली. वाणी म्हणाला, "आमच्या सगळ्यांना हो म्हणालास, आणि पोरीच्या आठवणीला नाही?"

"माझ्या पोरीला कमळ नको होतं," बुरूड म्हणाला. "पाय पसरायला जागा हवी होती. ही आजी तेच मागत होती. मी मान खाली घातली. तुम्ही मागत गेलात, तो तुमचा गुन्हा नाही. मागणारा मागणारच. ठरवायचं मी होतं."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दुःखाने बिचाऱ्याचं डोकं फिरलं, असं ठरलं. मग लांबच्या गावाहून दुसरा बुरूड आणला. तो फार चांगला माणूस होता. सगळ्यांना हो म्हणायचा. त्याने डोली बांधली, कमळ लावलं आणि कमळाला कुंकू लागलं.

बुरूड घरी आला. अंगणात बांबू काढून बसला, पण हात चालेना. माप घ्यायला कोणी नव्हतं. बायको चुलीपाशी होती. आवडा गेल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. ती उठली, बाहेर आली, न बोलता जमिनीवर आडवी झाली आणि तिने पाय पसरले. बुरडाने माप घेतलं. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं, नुसतं हाताने चाचपत माप घेतलं.

दोन दांडे, विणलेली बाज, उशाला थोडा उंचवटा. ही डोली त्याने पारावर नेली नाही आणि तिला कुंकू लावू दिलं नाही. घाटाच्या तोंडाशी एका खोपीत ठेवली. रोज सकाळी तो आणि थोरला भोई ती अख्खी उचलून बघायचे आणि पुन्हा ठेवायचे. येणाराजाणारा नाक मुरडायचा.

"हिच्यात आहे तरी काय?"

"हिच्यात माणूस मावतो," बुरूड म्हणायचा.

कोणी म्हणायचं, एवढी पिशवी अडकवायला एक आकडा तरी लावा. तो म्हणायचा, नाही. माणसं रागवायची आणि निघून जायची. लग्नाकार्याला त्याला आवतण येईनासं झालं. फेटा तर दूरच राहिला.

आणि मोठी डोली? ती अजून पारावरच आहे म्हणतात. दसऱ्याला तिची पूजा होते, घुंगरं वाजवतात, कमळ चिंचेने घासतात. ती आता चौघांना काय, आठजणांनाही उचलवत नाही. गावात कोणी आजारी पडलं की माणसं गुपचूप खोपीतल्या डोलीने खाली जातात, बरी होऊन वर येतात, आणि नारळ फोडतात तो मोठ्या डोलीपुढे.

बुरूड शहाणा झाला म्हणून टाळ्या वाजवू नका. त्याचा 'नाही' खरा होता, पण तो एका दसऱ्याने उशिरा आला, आणि त्या एका दसऱ्यात आवडा गेली.

बोध एवढाच: जो येणाऱ्या प्रत्येकाला 'हो' म्हणत जातो, त्याला शेवटी त्यालाच 'नाही' म्हणावं लागतं, ज्याच्यासाठी त्याने ती वस्तू घडवायला घेतली होती.